समोरच्या बेकरीचा केक

बेकरीच्या गल्ल्यामागे भिंतीवर चौकटीत एक दाखला टांगलेला होता. ‘येथील हवा श्वसनास निर्दोष आहे’ असं त्यावर छापलेलं होतं, खाली एका फार मोठ्या डॉक्टरांची सही होती, आणि त्या दाखल्याच्या बरोबर खाली खुर्ची टाकून चिमीचे बाबा दिवसभर खोकत बसायचे.

उभी हयात त्यांनी भट्टीपाशी काढली होती. पीठ चाळायचं, मळायचं, रिकामी पोती झटकायची. पुढे दम लागायला लागला तेव्हा धाकट्या बहिणीने त्यांच्या हातातली चाळण काढून घेतली, त्यांना गल्ल्यावर बसवलं आणि कारभार आपल्याकडे घेतला. दवाखान्यात गेले की डॉक्टर छातीला नळी लावून म्हणायचे, “सिगारेट सोडा.” बाबांनी जन्मात सिगारेट ओढलेली नव्हती. तसं त्यांनी सांगून पाहिलं. डॉक्टरांनी समजूतदारपणे मान हलवली. घरच्यांसमोर कोण कबूल करतं? दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, “आता एकदा सुरूच करतो. म्हणजे सोडता तरी येईल.”

त्या रस्त्यावर बेकऱ्याच बेकऱ्या होत्या आणि तिथे कुणी याला आजार म्हणत नसे. “पीठ बसलंय छातीत,” एवढंच म्हणत. केस पिकले म्हणावं तसं.

चिमी हे अर्थात घरातलं नाव. बाहेर ती श्वसनरोगांची संशोधक होती, मोठ्या संस्थेत, पांढरा कोट घालून. त्या रस्त्यावर पांढऱ्या कपड्यांत घरी येणारे पुष्कळ होते. फक्त हिचे पिठाने पांढरे झालेले नसत. पिठाच्या धुळीने बेकरीत काम करणाऱ्यांची फुप्फुसं किती आणि कशी जातात, हे तिला मोजून दाखवायचं होतं. अडचण अशी, की संस्थेतली तिची नेमणूक संपत आली होती, आणि बेकरीवाल्यांच्या छातीत कुणाला रस नव्हता. हृदयाला पैसे मिळतात, मेंदूला मिळतात. पावाला कोण देतो?

मग निधीची जाहिरात आली. ‘आरोग्यविज्ञानात अपुरे प्रतिनिधित्व असलेल्या घटकांतील संशोधकांसाठी विशेष साहाय्य निधी.’ हे नाव एका दमात म्हणता येत नसे. बाबांना तर मुळीच नाही.

“म्हणजे काय गं?” आत्याने विचारलं.

“म्हणजे आमच्यासारख्यांची हजेरी तिकडे कमी आहे.”

“तुझी कशी कमी? ताप असला तरी शाळेत जायचीस.”

निधी मिळाला तर काम सुरू. नाही मिळाला तर चिमीने एका खोकल्याच्या औषधाच्या कंपनीत विक्री विभागात जायचं ठरवलं होतं. म्हणजे बाबांचा खोकला दोन्हीकडे उपयोगी पडणारच होता.

अर्जाबरोबर प्राथमिक मोजमापं जोडायची होती. चिमीने संस्थेतून हवेतली धूळ मोजायचा डबा आणला, ओळखीच्या बेकऱ्यांत दिवसदिवस टांगला आणि आकडे काढले. आकडे बघून ती खुर्चीत बसली. बेकऱ्यांमधली हवा तिच्या प्रयोगशाळेपेक्षा स्वच्छ होती. डबा बिघडला म्हणून तिने तो तपासून आणला. डबा धडधाकट होता. दुसरं कुणी असतं तर त्या आकड्यांना जरा समजावून सांगितलं असतं. हिने होते तसे अर्जात घातले, आणि तरीही मुलाखतीला बोलावणं आलं.

संस्थेने अशा उमेदवारांसाठी एक तयारीवाले सर नेमले होते. स्वतः त्यांनी कधी संशोधन केलं नव्हतं. पण ते केलेल्यांना बोलायचं कसं, हे ते शिकवत. निधीचा एक नियम होता: प्रत्येक उमेदवाराने आपल्या समाजातला एक ‘पाठीराखा’ सोबत आणायचा आणि त्याने समितीपुढे दोन शब्द बोलायचे. बाबांना बोलताना दम लागायचा, म्हणून आत्या पाठीराखी ठरली. रंगीत तालमीसाठी सर मुलाखतीच्या आदल्या दिवशी बेकरीच्या मागच्या खोलीत आले. पोत्यांच्या थप्पीवर बसायचं की उभं राहायचं, हे ठरवण्यात त्यांचा थोडा वेळ गेला. पँट गडद रंगाची होती.

“समितीला आकड्यांनी पाझर फुटत नाही,” ते म्हणाले. “आणि तुमचे आकडे तर तुमच्याच विरुद्ध आहेत. त्यांच्यावरून हलक्या पावलांनी पुढे जायचं. आपल्याला हवा संघर्ष. आत्याबाई, सांगा, लहानपणी काय काय सोसलं हिने?”

“सोसलं?” आत्या विचारात पडली. “एकदा गोवर झाला होता.”

“तसं नाही. उपासमार वगैरे?”

“बेकरी आहे, सर. आमच्याकडे उपासमार झाली तर गावाने कुठे जायचं?”

“अभ्यासाला जागा नव्हती, दिवा नव्हता...”

“भट्टीपाशी बसायची. उजेड होता, ऊब होती, खायला बिस्किटं होती. उलट वजन वाढलं म्हणून ओरडायचे मी.”

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि ते आणखी पांढरं करून घेतलं. “निदान बोलताना आवाज तरी कापरा ठेवा. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम.”

“पाणी येतं मला. कांदा लागतो.”

चिमीचं लक्ष या तालमीत नव्हतं. ती भिंतीकडे बघत होती. भिंतीवर पिठाचा थर होता, बोटाने नाव लिहिता येईल असा. पोत्यांवर होता, दिव्यावर होता, सरांच्या पँटवरही आता होता.

“आत्या,” ती म्हणाली, “मी डबा लावला तेव्हा ही भिंत अशी नव्हती.”

“कशी असेल? दोन दिवस आधी पाण्याने धुतली होती.” आत्याच्या आवाजात अभिमान ओसंडत होता. “आणि चाळायचं कामच बंद ठेवलं. आपली चिमी यंत्र घेऊन येणार, चार लोक ते आकडे वाचणार, तेव्हा घर कसं दिसायला हवं? सगळ्या रस्त्याला निरोप पाठवला मी. समोरच्यालासुद्धा, खोटं का बोलू. भट्ट्या गार, जमिनी लख्ख. तुझी लाज राखली.”

सर चिमीकडे बघायला लागले. चिमी आत्याकडे बघत होती, एखादा दुर्मीळ जिवाणू सापडल्यासारखी.

“म्हणजे मी जिथे जिथे गेले...”

“तिथे तिथे. आम्ही काही अडगळीतली माणसं नाही. तो दाखला मिळाला तेव्हाही असंच केलं होतं. ते मोठे डॉक्टर घरोघर यायचे होते यंत्र घेऊन. तेव्हा तर नवा रंग दिला होता.”

दाखल्यावरची सही ज्या मोठ्या डॉक्टरांची होती, ते आता निधीच्या समितीचे अध्यक्ष होते. बेकऱ्यांमधल्या हवेवरचा त्यांचा अभ्यास गाजलेला होता. त्यांनी एकदा हवा निर्दोष ठरवली, म्हणून पुढे कुणी मोजायच्या फंदात पडलं नाही, आणि कुणी मोजलं नाही म्हणून ती निर्दोष राहिली. त्याच अभ्यासामुळे डॉक्टरमंडळी बाबांना सिगारेट सोडायला सांगत होती.

“उद्या मी हे सांगणार,” चिमी म्हणाली.

“काय सांगणार?” सर पोत्यावरून उठले. “अध्यक्षांना? त्यांच्या तोंडावर? अहो, त्यांचा तो अभ्यास म्हणजे... त्यांना पदक आहे त्याचं! तुम्ही रडा. मी पाया पडतो, तुम्ही फक्त रडा.”

“मला रडण्यासारखं काही झालेलं नाही, सर. मला पहिल्यांदाच कळलंय की माझं काय चुकलं. आज मी फार खुशीत आहे.”

आत्या मात्र खुशीत नव्हती. “आणि मग दाखल्याचं काय? उद्या लोक म्हणतील बेकरी घाणेरडी. माझ्या बेकरीला आजवर कुणी घाणेरडी म्हटलेलं नाही.”

“बाबा खोकतायत, आत्या.”

पुढच्या दालनातून, वेळ साधून, बाबा खोकले.

“ते मला ऐकू येतं,” आत्या म्हणाली. “हे बघ चिमे, मी तिथे खोटं बोलणार नाही. पण खरं बोलेन असंही धरून चालू नकोस.”

मुलाखतीच्या दालनात संस्थेच्या आजवरच्या संचालकांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या होत्या. एकाच लग्नातले वऱ्हाडी वाटावेत इतका सगळ्यांच्या चेहऱ्यांत सारखेपणा होता. त्या तसबिरींखाली बसून समिती अपुऱ्या प्रतिनिधित्वाचा विचार करत होती. मध्ये अध्यक्ष, पांढरे केस, प्रसन्न मुद्रा. उजवीकडे संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका, त्यांची मुद्रा कुठल्याच बाजूला झुकलेली नव्हती. डावीकडे निधीचे चिटणीस, ते पाण्याचे ग्लास भरत होते. सर दाराशी उभे राहून चिमीला डोळ्यांनी रडायची खूण करत होते. बघणाऱ्याला वाटावं, यांनाच काही होतंय.

“बेकरी!” अध्यक्षांनी अर्ज उघडताच दोन्ही हात पसरले. “अहो, तो रस्ता मला पाठ आहे. उमेदीच्या वर्षांत तिथेच तर काम केलं मी. काय स्वच्छता! शस्त्रक्रियेच्या खोलीत नसते. आणि माणसं इतकी अगत्याची, की मी दारात पाऊल टाकायच्या आत चहा आणि केक.”

आत्याने मान तुकवली. अगत्य तिचं होतं.

“आता अडचण अशी आहे, बाई,” अध्यक्ष चिमीला म्हणाले, अगदी मायेने. “तुमचे आकडे माझ्या आकड्यांशी तंतोतंत जुळतात. हवा स्वच्छच आहे. मग सिद्ध झालेलं पुन्हा सिद्ध करायला निधी कशाला? तुमच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे...”

“सहानुभूती असू द्या, सर,” चिमी म्हणाली. “आकडे आपले दोघांचेही चुकलेत.”

चिटणिसांच्या हातातला जग जिथल्या तिथे थांबला. ग्लास मात्र भरत राहिला आणि पाणी टेबलावर आलं.

“एकाच कारणाने चुकलेत,” चिमी पुढे म्हणाली. आवाज कापरा वगैरे नव्हता. गिऱ्हाइकाला पावाचा भाव सांगावा तसा होता. “तुम्ही सांगून गेलात. मीही सांगून गेले. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की काम थांबतं, भट्टी विझते, भिंती धुतल्या जातात. तुम्ही मोजलीत ती बेकरीतली हवा नव्हे. तो पाहुणचार होता.”

“पण तुम्ही तर घरच्याच.”

“डबा घेऊन गेले ना, तिथे पाहुणी झाले. मला कालपर्यंत कळलं नव्हतं. याचं मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटायला हवं, कारण मी त्याच भिंतीला टेकून वाढले.”

अध्यक्षांची मुद्रा प्रसन्नच राहिली, पण आता तिला कष्ट पडत होते. “हा तर्क झाला. इतक्या वर्षांनी असा आरोप...”

“पुरावा आहे?” संख्याशास्त्राच्या बाईंनी विचारलं. त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या, आणि तेही दोनच शब्द.

चिमीने आत्याकडे पाहिलं. आत्या समोरच्या तसबिरीकडे बघत होती. त्या संचालकांची आणि तिची जुनी ओळख असावी, असं वाटत होतं.

“पुरावा कसा असेल?” अध्यक्ष म्हणाले. त्यांना एकदम काहीतरी सुचलं आणि ते खुर्चीत पुढे सरकले. “उलट पुरावा माझ्याकडे आहे. भट्टी विझलेली होती म्हणता? मग मला तो केक दिला तो कुठून आला? गरम होता, वाफाळता! मला अजून आठवतो. वरून खरपूस, आत लोण्यासारखा. ताई, तुमच्याच बेकरीतला ना तो? आज इतकी वर्षं मी ज्याला त्याला सांगत आलो, की केक खावा तर त्यांच्या हातचा!”

आत्याचा चेहरा बदलला. तिला कुणी घाणेरडी म्हटलं असतं तर एक वेळ तिने गिळलं असतं. पण हे फार झालं होतं.

“डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली, “तो केक आमचा नव्हता.”

“नव्हता?”

“माझ्या हातून असला केक होणार नाही. लोणी कुठलं त्यात? वनस्पती तूप घालतात ते. सोडाही जास्त. दुसऱ्या दिवशी खाऊन बघा, टाळूला चिकटतो. तो समोरच्याचा होता.”

दाराशी सरांनी डोळे मिटून घेतले.

“समोरच्याचा का?” बाईंनी विचारलं. त्यांनी पेन उचललं होतं.

“आमची भट्टी बंद होती ना!” आत्याला आता थांबणं शक्य नव्हतं. “साहेब येणार म्हणून आदल्या दिवसापासून विझवलेली. रंग ओला होता. मग पाहुण्याला काय, हवा खायला द्यायची? पोराला पाठवून समोरून मागवला.”

“म्हणजे समोरच्यांची भट्टी त्या दिवशी चालू होती.”

“होती की. साहेब त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी जायचे होते.”

बाईंनी काहीतरी लिहिलं, ते अधोरेखित केलं, आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा एकाच बाजूला झुकला.

“आणि दुसऱ्या दिवशी,” अध्यक्ष हळूच म्हणाले, “त्यांच्याकडे मी जो केक खाल्ला...”

“तो आमचा,” आत्या ताठ बसून म्हणाली. “शुद्ध लोण्यातला.”

अध्यक्षांनी बराच वेळ आठवून पाहिलं. प्रामाणिक माणूस होता. म्हणूनच त्याला इतकी मोठी चूक करता आली होती. “तो...” ते म्हणाले, “तो काही आठवत नाही.”

आत्याला हा घाव वर्मी लागला. पण त्याच्यावर उपाय करायची ही जागा नव्हती.

“प्रत्येक भट्टी मोजायच्या दिवशी बंद, आणि शेजारची चालू,” बाई म्हणाल्या. “सर, यापेक्षा पद्धतशीर चूक मी पाहिलेली नाही. विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखी आहे.” मग चिमीकडे वळून, “तुम्ही वेगळं काय करणार? न सांगता जाणार?”

“न सांगता गेले तर दारातच कळेल. रस्ता एक आहे आणि आत्या माझीच आहे,” चिमी म्हणाली. “मी कामावर जाणार. प्रत्येक बेकरीत, रोजंदारीवर. चाळायला, मळायला, पोती झटकायला. डबा भिंतीवर नाही टांगणार, खांद्याला बांधणार, नाकाजवळ; माझ्या आणि बाकीच्यांच्याही. पहिले काही दिवस सगळे लाजतील, झाडत राहतील. ते आकडे मी वेगळे ठेवीन. पण भट्टी कायम विझवून कुणाचं पोट भरत नाही. एकदा काम सुरू झालं की पीठ उडणारच, आणि तेच मला मोजायचंय. याला महिने लागतील, म्हणून निधी हवा. आणि तो मला द्यावा, कारण मळताना हात अवघडला तर दुसरा कुणी संशोधक परत प्रयोगशाळेत जाईल. मला मळता येतं.”

“उत्तम येतं,” आत्या म्हणाली. पाठीराख्याचे हेच ते दोन शब्द.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तसबिरींकडे एकदा पाहिलं. त्यांची जागा तिथे ठरलेली होती, फक्त खिळा ठोकायचा बाकी होता.

“तुमचे वडील,” त्यांनी विचारलं, “खोकतात म्हणून अर्जात लिहिलंय.”

“तुमच्या दाखल्याखाली बसून,” चिमी म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता. खुर्ची खरोखरच तिथे होती.

“हं.” त्यांनी अर्ज मिटला. “द्या हिला. माझी हरकत नाही. फक्त शीर्षकात ‘फेरतपासणी’ म्हणू नका. ‘विस्तार’ म्हणा. माझ्या कामाचा विस्तार.”

“विस्तार तर विस्तार, सर,” चिमी म्हणाली. “नाव तुमचं चालेल. आकडे माझे.”

बाहेर आल्यावर सरांनी चिमीचा हात हातात घेऊन गदागदा हलवला आणि शेवटी तयारीच कामाला येते असं सांगितलं. पुढच्या तुकडीला ते आता ‘केकची पद्धत’ म्हणून काहीतरी शिकवतात. त्यात रडणं आहेच.

काम सुरू झालं ते घरच्या बेकरीपासून. सकाळी चिमी कोट घरी ठेवून, डोक्याला फडकं बांधून आली. बाबांनी गल्ल्यामागचा दाखला काढून उतरवून ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर दाखल्याएवढा एक चौकोन मूळच्या निळ्या रंगाचा राहिला होता. भोवतीची सगळी भिंत पांढरी होती; डब्यासाठी मागची भिंत धुतली होती, ही नव्हती. आपल्याकडे भिंतीला निळा रंग आहे, हे घरातले सगळे विसरून गेले होते.

आत्याने ते पाहिलं मात्र, तिचा हात आपसूक फडक्याकडे गेला.

“आत्या.”

“अगं, नुसतं एकदा वरवर...”

“आत्या, फडकं खाली.”

आत्याने फडकं स्टुलावर ठेवलं आणि मोह नको म्हणून त्याच्यावर बसली. बाबांनी आपली खुर्ची उचलून दाराबाहेर, फुटपाथवर मांडली. गिऱ्हाइकांनी काय झालं विचारलं, तर म्हणाले, “सिगारेट सोडली.”

चिमीने खांद्यावरचा डबा चालू केला, पोतं फोडलं, चाळण दोन्ही हातांत धरली आणि हलवायला सुरुवात केली. पिठाचा लोट उठला. उन्हाच्या पट्ट्यात तो सावकाश वर चढताना दिसत होता, आणि डब्यावरचा आकडाही त्याच्याबरोबर चढत होता. निर्दोष म्हणवण्याच्या हद्दीतून तो केव्हाच बाहेर पडला होता आणि अजून थांबायची लक्षणं नव्हती.

आत्या स्टुलावरून मान लांब करून बघत होती. आधी तिला लाज वाटली, तसं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग राग आला. कुणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने फुटपाथवर बसलेल्या भावाच्या पाठीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, “किती झालं?”

“पुष्कळ. वाढतंय अजून.”

“समोरच्याकडे याहून जास्त भरेल.”

“कळेलच. पुढच्या आठवड्यात तिकडे जायचंय.”

आत्याने रस्त्यापलीकडे नजर टाकली. समोरच्याची भट्टी धडधडत होती.

“या खेपेला,” ती म्हणाली, “मी निरोप पाठवत नाही.”